दहा दिवसांचा सव्वा महिना

माझं माहेर सिद्धेश्वरचं, धरणाच्या खालच्या अंगाला आमचं घर व्हतं, बाप कालव्याच्या कामावर रोजानं जायचा अन् माय लोकाच्या वावरात, आमी पाच बहिणी, त्यात मी दुसरी, नाव गयाबाई. वय काय सांगू तुमाला, आधार कार्डावर बावन्न हाय पण ते अंदाजानं टाकलेलं हाय, दोन वर्षं इकडं तिकडं व्हतील. पंधराव्या वर्षी लगीन झालं अन् इकडं सेनगाव तालुक्यात आले, साखऱ्याच्या पुढं. तिकडं पाणीच पाणी अन् मासळी, अन् इकडं आले तं हंड्याला रांग. निघताना मायनं एकच सांगितलं, गया, सासरी बसलेली दिसू नको, बसलेल्या बाईला समदे पाहतात, काम करणारीला कोणी पाहत न्हाई. ते म्या असं धरलं की तुमी गावात कोणालाबी विचारा, गयाबाईला बसलेली कवा पाह्यली, तं म्हणतील यष्टीत.

आपल्याकडं बाळंतिणीला सव्वा महिना बसवतात, तुमाला माहीतच हाय, बाजेखाली शेक, डिंकाचे लाडू, पाण्यात हात घालू देत न्हाईत, पायाला माती लागू देत न्हाईत. मला तीन लेकरं झाली, दोन पोरी अन् मिलिंद. पहिल्या पोरीच्या वख्ताला माय आजारी व्हती म्हणून माहेरी जाणं झालं न्हाई, अन् सासू म्हणली, ज्वारी उभी हाय वावरात, तिला कोण सांगंल गया बाळंतीण हाय म्हणून. तेराव्या दिशी मी ज्वारी काढायला गेले. दुसरीच्या वख्ताला पंधराव्या दिशी. मिलिंदच्या वख्ताला तं मी सोताच उठले, कोणी उठ म्हणायच्या आदी, कारण तवर सवय लागली व्हती. मी काही रडगाणं सांगून राहिले न्हाई ताई, पुढं जे सांगणार हाय ते काहून झालं ते कळावं म्हणून सांगते, अन् तरी कळल्यावरबी तुमी मला बराबर म्हणाल असं न्हाई.

मंग आमच्याकडं बोअर लागला अन् दोन एकरात हळद आली. हळद काढायच्या दिवसात बाया ओळीनं बसतात, कंद मोडत मोडत गप्पा चालतात, अन् समोरच्या बाईनं पाह्यलं माझ्याकडं, म्हणली गयाबाई, तुमी थुंकी गिळता तवा गळ्यात काय वरखाली व्हतं. म्या हात लावला तं सुपारीएवढी गाठ. दुखत न्हाई, खुपत न्हाई. म्या म्हणलं राहू दे, ती काही खायाला मागत न्हाई. सात-आठ महिने तशीच ठेवली. मंग पोत गळ्याला नीट बसंना, अन् आवाज घोगरा झाला, तवा गावातल्या दवाखान्याच्या आशाताईनं धरून हिंगोलीला नेलं. तिथं सुई घालून तपासलं, अन् तिथून औरंगाबादला. कॅन्सर म्हणले. थायरॉईडचा.

कॅन्सर म्हणल्यावर आमचे मालक तिथंच बाकड्यावर बसले अन् उठंचनात. डाक्टर भला माणूस, त्यायनं मालकांना उलगडून सांगितलं, बाबा, हा त्यातल्या त्यात चांगला कॅन्सर हाय, गाठ काढू, अन् मागं जे बारीक सारीक राह्यलं आसंल ते औषधानं जाळू. किरणांचं औषध राहतं, आयोडीनचं, ते पोटातून जातं अन् बराबर त्याच जागी जाऊन बसतं. मालक म्हणले, जाळायचं म्हणता, तिला पोळंल का. डाक्टर हसले. पण योजनेत बसलं समदं, अन् दिवाळीच्या नंतर आपरेशन झालं. हे पाहा, ही रेघ. लुगड्याच्या पदरानं झाकते मी, न्हाई तं लेकरं विचारतात कोणी गळा कापला.

आपरेशन सोपं ताई, त्याच्या मंगचं अवघड. आपरेशननंतर थायरॉईडची रोजची गोळी लागती, ती औषध द्यायच्या आदी काही आठवडे बंद करतात, अन् मिठावर बंदी, पुडीतलं मीठ न्हाई, मासळी न्हाई, अंडं न्हाई, दूध न्हाई. मी सिद्धेश्वरची पोरगी, मासळी न्हाई म्हणल्यावर काय खाऊ. वर्षा, म्हणजे माझी सून, ती माझ्यासाठी येगळं अळणी करायची, समद्यांचं झाल्यावर परत तवा ठेवायची. बारावी शिकलेली पोरगी हाय, माहेर तिचं कनेरगाव नाक्याचं, बाप तिचा तिथं ढाब्यावर रोट्या भाजायचा. तवा परी दोन वर्षांची व्हती, माझी नात, दिवसभर माझ्याच कडेवर. अन् गोळी बंद केल्यावर माझं आंग असं झालं जसं भिजलेलं पोतं, सुजलं, थंडी वाजायची, बोलायला गेले तं शब्द सापडंना. परीला उचललं की धाप. पण बसले न्हाई. झाडू मारायची अन् दम घ्यायची, झाडू मारायची अन् दम घ्यायची.

मंग माघात औषधाला गेले. ती खोली काय सांगू तुमाला. जाड दार, आत एक खाट, संडास आतच, अन् एक काच. सिस्टरनं सगळं समजावलं, म्हणली, मावशी, औषध घेतल्यावर तुमच्या आंगातून किरणं निघतील, तुमाला त्याची तकलीफ न्हाई, पण दुसऱ्याला लागू नयेत म्हणून तुमाला इथं एकलं राहायचं. थुंकी, घाम, लघवी, समद्यातून ते निघतं, म्हणून संडासात तीन तीन बार पाणी सोडायचं. मंग एक माणूस आला, जाड डब्यातून एवढीशी नळी काढली चिमट्यानं, त्यात एक कॅप्सूल, म्हणला हात लावू नका, तोंडात घ्या अन् गिळा. गिळली. अन् तो माणूस मागं सरकला ताई. आत्ता बोलत व्हता माझ्याशी, मावशी मावशी म्हणत व्हता, अन् गिळल्याबरोबर मागं सरकला, अन् दार लागलं. त्याचं काही चुकलं न्हाई, त्याचं रोजचं काम हाय ते. पण मला कसंनुसं झालं.

जेवण दारात ठेवून जायचे. एक जण दुरून मशीन धरायचा माझ्याकडं, ते कटकट कटकट वाजायचं, दुसऱ्या दिशी कमी वाजलं, तिसऱ्या दिशी आजूक कमी. लिंबाच्या गोळ्या चघळायला दिल्या, म्हणजे गाल सुजू नयेत. पहिल्या दिशी मळमळ झाली, तोंडाला लोखंडासारखी चव. लाज वाटायची आंगाची, आपल्या लघवीचीसुद्धा भीती कोणाला वाटती हे कवा ऐकलं न्हाई म्या. पण ताई, खरं सांगते, अन् हीच पहिली लाजेची गोष्ट हाय. दुसऱ्या दिशी दुपारी मी झोपले. दुपारी. अन् उठले तं कोणी हाक मारली नव्हती. कोणाचं लेकरू रडत नव्हतं, कोणाचं ताट राह्यलं नव्हतं, चुलीवर काही उतू चाललं नव्हतं. त्या बंद दाराच्या आत कॅन्सरच्या औषधानं भरलेली मी बाई, अन् मला सुख वाटलं. म्या सोतालाच म्हणलं गया, तू येडी झाली.

सोडायच्या दिशी सिस्टरनं परत समजावलं. मालक तवा गाडी पाहायला बाहेर गेल्ते, मिलिंद औषधाच्या खिडकीवर, मी एकलीच व्हते. म्हणली, मावशी, घरी गेल्यावर दहा दिवस येगळं राहा, येगळी खोली, येगळं ताट, कपडे येगळे धुवा, लहान लेकराला अन् पोटुशी बाईला जवळ घेऊ नका. दहा दिवस झाले की झालं, मंग नातीला पोटभर घ्या. परत बोटं धरून दाखवली, दहा. अन् एक कागद फाईलीत ठेवला.

घरी आलो तं वर्षा परीला घेऊन आंगणात दूर उभी. फोनवर तिला सांगितलंच व्हतं जवळ यायचं न्हाई म्हणून. परी हात पसरून रडून राहिली अन् वर्षानं तिला घट्ट धरलेलं. शेजारच्या दोन बाया आलेल्या. वर्षानं विचारलं, मामी, किती दिवस पाळायचं. ती मला मामी म्हणती. अन् म्या तोंड उघडलं दहा म्हणायला. खरंच दहा म्हणायला उघडलं, बुद्धासमोर हात ठेवून सांगते. पण माझ्या मागं खोलीचं दार उघडं व्हतं, आत मिलिंदनं खाट टाकलेली, गोधडी अंथरलेली, उशी. अन् म्या म्हणलं, सव्वा महिना. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. शेजारीण म्हणली, बाई, सव्वा महिना, जसं काही बाळंतपणच. म्या म्हणलं डाक्टरनं सांगितलं. अन् फाईल वर्षाकडं सरकवली, भुईवरूनच, की ठेव पेटीत.

पहिले दहा दिवस म्या इमानदारीनं पाळले. वर्षा दारात ताट ठेवायची अन् मागं सरायची, मी घ्यायची. ताट माझं मीच धुवायची, संडासात दोन दोन बादल्या टाकायची. मालकांना ते पाहवंना. आमच्या सासऱ्याचं त्यायनं मला लई बार सांगितलेलं, बाजारच्या दिशी हाटेलात चहा प्यायचा तं त्यांचा कप बाहेर वळचणीला खोचलेला राहायचा, सोता काढायचा, पिऊन धुवायचा, परत सोता खोचायचा. मालक लहान व्हते, बोट धरून जायचे, त्यायनं ते डोळ्यानं पाह्यलेलं. आता ते दारात येऊन म्हणायचे, काय येळ आली, माझ्याच घरात माझ्या बायकोचं ताट येगळं. मी म्हणायची, अवो, हे औषधाचं हाय, ते येगळं अन् हे येगळं. ते म्हणायचे, कळतंय मला, तरी घास उतरत न्हाई. अन् माझ्या दाराकडं पाठ करून जेवायचे आंगणात. दहा दिवस ते औषधाचं व्हतं ताई. अकराव्या दिशीपासून ते माझं व्हतं. जे आमच्या मोठ्या माणसांनी सोसलं, ते म्या माझ्या घरात फुकट चालू ठेवलं, झोपायला भेटावं म्हणून.

अकराव्या दिशी सकाळी मी उठून बसले व्हते. पदर खोचला व्हता, दारापर्यंत आले. बाहेर हळद काढायच्या बाया जमा झालेल्या, वर्षा त्यायला पाणी देऊन राहिली, एका हातानं परीला धरून, एका हातानं हंडा. कोणीतरी म्हणलं, कामाचा सारा भार तुझ्यावरच पडला पोरी. वर्षा म्हणली, मामी बऱ्या झाल्या म्हणजे बस. अन् मी मागं फिरले. गोधडी घेतली. उद्या सांगू म्हणलं. दुसऱ्या दिशीबी म्हणलं उद्या. मंग म्हणायचं सोडून दिलं.

काय केलं म्हणाल मी त्या खोलीत, काहीच न्हाई. खिडकीतून लिंबाच्या झाडाकडं पाहायची. हळदीच्या दिवसात आमच्या बायांचे हात वैशाखापर्यंत पिवळे राहतात, त्या साली माझे हात पांढरे पडले, नखंसुद्धा, मी उलटे पालटे करून पाहायची. चव परत आली, आंगातली सूज उतरली, गोळी चालू झाल्यावर ताकद आली, दोन भाकरी जायच्या. अन् बाहेर कोणी आलं की मी आंग टाकून द्यायची. आमच्या म्हणीसारखं, चोराच्या मनात चांदणं, वर्षानं नुसतं माझ्याकडं पाह्यलं तरी मी खोकायची. खोकल्याचा अन् त्या औषधाचा काय संबंध, पण खोकायची. परी दाराशी यायची, आजी म्हणायची, अन् मी हातानं हुसकायची, बाऊ हाय म्हणायची, आजीला बाऊ हाय. लेकरू घाबरून मागं जायचं. दहा दिवस झाले व्हते ताई, मी तिला पोटभर घेऊ शकत व्हते.

बाविसावा दिवस असंल. दुपारचं जेवण झालं व्हतं. वर्षा दाराच्या समोर येऊन उभी राह्यली, तिच्या ठरलेल्या जागेवर, उंबऱ्यापासून चार पावलं. म्हणली, मामी, मायचा फोन आल्ता, दादा लई आजारी हायेत, छातीत पाणी झालं म्हणतात, वाशिमला दाखवून आणलं, तुझी आठवण काढून राह्यले, येऊन जा म्हणती. दादा म्हणजे तिचा बाप. एवढं बोलली अन् उभी राह्यली. आमची हळद काढून झाली व्हती, ढीग पडलेला, अन् शिजवायच्या गाडीचा नंबर लागला व्हता आमचा, दुसऱ्या दिशीपासून तीन दिवस. तो नंबर गेला तं पंधरा दिवस येत न्हाई, अन् काढलेली हळद तशी ठेवता येत न्हाई, सडती. गाडीवर चार माणसं, त्यांचं दोन टाइमचं खाणं आमच्याकडं, वाळवायला घालायला बाया, मालक अन् मिलिंद दोघं तिकडं. घरात चूल पाहायला वर्षाशिवाय कोणी न्हाई. म्हणजे मी हाय, पण मी न्हाई.

मला एकच शब्द म्हणायचा व्हता, जा. जा म्हणलं असतं तं तिनं विचारलं असतं चूल कोण पाहील, अन् मंग मला उठावं लागलं असतं, अन् उठले असते तं समद्यांना कळलं असतं की ही बारा दिवसांपासून झोपायला झोपली. माझं सोंग उघडं पडलं असतं, एवढंच. दुसरं काय व्हणार व्हतं. लोक दोन दिवस हसले असते. तेवढ्या हसण्यासाठी ताई, तेवढ्यासाठी म्या काय म्हणलं, सांगू का. म्या म्हणलं, पाहा माय, तुला जसं जमतं तसं. अन् ती तरी उभीच. लई येळ उभी राह्यली. मी भिंतीकडं तोंड केलं. मंग म्हणली, हळद शिजली की जाते. गेली चुलीकडं.

तीन दिवस गाडीचा धूर खिडकीतून यायचा, हळदीचा वास, अन् तव्याचा आवाज. चौथ्या दिशी दुपारी फोन आला. म्या वर्षाचं रडणं आदी ऐकलं न्हाई, परीचं ऐकलं, माय रडती म्हणून ती घाबरली व्हती. वर्षा नुसती दादा, दादा म्हणून राहिली. मिलिंद वावरातून पळत आला, मोटारसायकल काढली. अन् मी उठले. आंगणात आले, परीला उचललं, वर्षाला म्हणलं जा, लेकरू मी पाहते, चूल मी पाहते, तू जा. जे चार दिवसांआदी म्हणायचं व्हतं ते माणूस गेल्यावर म्हणलं. मालक म्हणले, अगं सव्वा महिना व्हायाचा हाय आजून, लेकराला लागंल. म्या म्हणलं बस झालं, न्हाई लागत. अन् वर्षानं माझ्याकडं पाह्यलं. एवढंसंच पाह्यलं अन् गाडीवर बसली.

तिच्या बापाच्या पुण्यानुमोदनाला आमी समदे गेलो कनेरगाव नाक्याला. तिची माय मला धरून रडली, म्हणली, विहीणबाई, तुमी तेवढ्या मोठ्या दुखण्यातून उठल्या, माझ्या माणसाला न्हाई उठता आलं. म्हणली, शेवटच्या दिशी दाराकडं पाहून राह्यले व्हते, गाडी वाजली की विचारायचे, वर्षी आली का. रोडच्या कडेचं घर, दिवसभर गाड्याच वाजतात तिथं. मला तिनं साखरेचा चहा दिला अन् मी तो प्याले. जनाची न्हाई तं मनाची तरी म्हणतात ना, दोन्हीबी ठेवली न्हाई म्या.

वर्षा परत आली अन् कामाला लागली. पहिल्यासारखंच मामी चहा घ्या, मामी गोळी घेतली का. भादव्यात औरंगाबादला परत तपासणी झाली, मोठ्या मशीनखाली झोपवलं, डाक्टर म्हणले कुठंच काही दिसत न्हाई, मावशी तुमी जिंकल्या. मिलिंदनं पेढे आणले. घरी आलो तं वर्षानं पहिला पेढा माझ्या तोंडाला लावला. तो पेढा मला गिळवंना ताई. ती कॅप्सूल गिळली, पण तो पेढा जाईना.

दुसऱ्या दिशी आमी दोघी आंगणात मुगाच्या शेंगा सोलत बसलो व्हतो. दुसरं कोणी नव्हतं. म्या म्हणलं, वर्षा, एक सांगायचं व्हतं. डाक्टरनं मला दहाच दिवस सांगितले व्हते. सव्वा महिना मी माझ्या मनानं म्हणले. मला वाटलं आता सूप फेकंल, उठून जाईल, काहीतरी म्हणंल. तिचा हात थांबला न्हाई. म्हणली, माहीत हाय मला. म्या म्हणलं काय माहीत हाय. म्हणली, पहिल्याच दिशी वाचलं, फाईल तुमी माझ्याकडंच दिली ना पेटीत ठेवायला, मराठीत छापलेला कागद व्हता त्यात, दहा दिवस लिहिलेलं.

म्या म्हणलं, मंग बोलली काहून न्हाई तू. म्हणली, अकराव्या दिशी बोलणार व्हते, पण तुमाला झोपलेलं पाह्यलं. म्हणली, परीच्या वख्ताला तुमी मला सव्वा महिना पाण्यात हात घालू दिला न्हाई, माझ्या मायनं केलं नसतं एवढं केलं, तुमचं कोणी केलं व्हतं, म्हणलं बसू द्या, न्हाई सांगत कोणाला. मिलिंदलाबी न्हाई सांगितलं. शेंगा तशाच हातात. मंग म्हणलं, अन् तुझ्या बापाच्या दुखण्याचा फोन आला तवा. तवा तरी म्हणायचं व्हतं, उठा म्हणून.

तवा तिचा हात थांबला. म्हणली, मामी, मी एवढा येळ दारात काहून उभी व्हते. मला वाटलं तुमी सोताहून म्हणाल.

एवढंच म्हणली. परत शेंगा सोलायला लागली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं, माहेरी निघून गेली असती तं म्या पायावर डोकं ठेवून आणली असती, पण ती बराबर संध्याकाळी चहा घेऊन आली, साखर कमी, मला लागतो तसा. अन् तवापासून रोज येती.

दोन वर्षं झाली आता. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेते, जन्मभर घ्यायची हाय. परी शाळेत जाती. तिच्या कनेरगावच्या आजीचा फोन आला की मी वर्षाच्या हातातलं काम काढून घेते, ती म्हणती राहू द्या मामी, एवढं काही न्हाई, मी म्हणते जा. जाती, येती. पण त्यानं काय व्हतं, जो दाराकडं पाहत व्हता तो तं गेला. आशाताई कवा कवा गाठी झालेल्या बाया घेऊन येती माझ्याकडं, गयाबाई, तुमी सांगा, भीती जाईल त्यांची. मी सांगते, काही व्हत न्हाई, एक कॅप्सूल हाय, थोडी मळमळ व्हती, तीन बार पाणी सोडायचं. बाया म्हणतात किती धीराची बाई. मी खाली पाहते.

आमच्या मालकांना हे माहीत न्हाई. मिलिंदला न्हाई. तुमी बऱ्या झालेल्या बायांचं लिहून घेऊन राह्यल्या म्हणून आल्या, अन् म्या ठरवलं की सांगायचं तं समदं सांगायचं, न्हाई तं काहीच न्हाई. छापून आलं की मिलिंद त्याच्या बापाला वाचून दाखवील. ज्या माणसाला माझ्या येगळ्या ताटाकडं पाहून घास उतरत नव्हता, त्याला कळू द्या ते ताट काहाचं व्हतं. बोलतील, न्हाई बोलतील, मी इथंच हाय.

फक्त एक करा ताई. छापायच्या आदी वर्षाला वाचून दाखवा. आत हाय ती, कणीक मळून राहिली, ऐकतबी आसंल. बाप तिचा व्हता, म्हणून तिनं जे खोडा म्हणलं ते खोडा. माझ्यासाठी काही खोडू नका.